पदराखालचा भाव

आई, तू मला फसवलंस. आठ महिने फसवलंस. माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसून, माझ्याच पोरीला हाताशी धरून. जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात माझी सव्वीस वर्षं गेली. नुसत्या आवाजावरून मी सांगतो की इंजिन कधी उघडलंय आणि कोणी बिघडवलंय. आणि तू माझ्यासमोर रोज भाकरी मोडत होतीस आणि मला काही कळलं नाही. तेरावं होऊन चार दिवस झाले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, तरी माझा राग उतरत नाही.

लोक सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी तुझ्याबद्दल बोलतच नाहीये, तुझ्याशी बोलतोय. आपल्यात ते चालतं. आपण दोघं आयुष्यभर भांडलोच आहोत. दारातला शेवगा तोडून गाडीसाठी शेड करायची म्हणून आपलं सहा वर्षं भांडण चाललं होतं. "मी मेल्यावर तोड," असं तू म्हणायचीस. आता तो शेवगा शेंगांनी वाकलाय आणि मला त्याच्याकडे बघवत नाही, तोडवतही नाही. म्हणजे तिथेही तूच जिंकलीस.

तुला आठवत असेल, नाना बैलबाजारात दलाली करायचे. भाव तोंडाने बोलायचा नाही. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, खाली समोरच्याचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. वरून माणसं पावसापाण्याच्या गप्पा मारतात आणि खाली बैल विकला जातो. नानांचा एकच नियम होता : रुमालाखालचा भाव तिसऱ्याला सांगायचा नाही. जीव गेला तरी नाही.

ही भाषा तू बाजारात शिकली नाहीस, सासरी शिकलीस. देवळ्याकडून नवी नवरी होऊन आलीस तेव्हा थोरल्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मग ओसरीवर धान्य निवडताना नाना शेजारी बसायचे, तुझ्या पदराखाली हात घालायचे आणि हळूच विचारायचे, "आज किती?" म्हणजे आज सासूने किती छळलं. तू बोटं दाबायचीस. एक म्हणजे बरा दिवस. पंजा म्हणजे आज नको विचारू. हे तू मला हसत सांगितलं होतंस. "तुझ्या बापानं मला कधी सोडवलं नाय, पन रोज विचारलं. त्याच्यावर निभलं बघ."

मी ते ऐकलं आणि विसरलो. आई, मी खूप गोष्टी ऐकल्या आणि विसरलो.

माझी तनू सहा वर्षांची असताना माझ्या ट्रॅक्टरांच्या आवारात यायची. आडगाव नाक्याजवळचं ते आवार मी उभं केलं तेव्हा तिथे नुसत्या बाभळी होत्या. मी तिला मांडीवर घेऊन गिऱ्हाइकासमोर खिशातला रुमाल काढून ती बोटांची भाषा शिकवली. तिला गंमत वाटायची. नानांचा नियमही मीच शिकवला. "तिसऱ्याला सांगायचं नाही, काय?" तिने मान डोलावली होती. आज ती एकोणीस वर्षांची आहे, फार्मसीला जाते, आणि तो नियम तिने पाळला. माझ्याविरुद्ध पाळला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तुझ्या पोटात दुखायला लागलं. हे मला आता कळलंय. तू वैशालीला सांगितलं नाहीस. सुनेला सांगितलं की ते नवऱ्यापर्यंत जाणारच, एवढा हिशोबीपणा तुझ्यात होता. तू तनूला सांगितलंस. सोमवारी महादेवाला जायचं म्हणून दोघी रिक्षाने पंचवटीत जायच्या. मी तुला विचारलंसुद्धा, "आई, आजकाल महादेवाची फारच ओढ लागली?" तू म्हणालीस, "म्हातारपणी त्याच्याशीच वळख ठेवावी लागती. तुझ्या वळखीचा तिथं काय उपेग?" आपण हसलो. तेव्हा तुम्ही महादेवाला नाही, डॉक्टरकडे जात होतात. तिसऱ्या सोमवारी डॉक्टरने तनूला बाहेर बोलावून सांगितलं की पसरलंय. आता औषधपाण्याने दिवस वाढतील, माणूस वाचणार नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीला सांगितलं, आई. तिथे मोठं माणूस कोणी नव्हतं, कारण मोठ्या माणसाला तू घरी ठेवलं होतंस.

मग तुझे उपास सुरू झाले. सोमवार होताच. गुरुवार आला, चतुर्थी आली, एकादशी आली. मी चिडवायचो, "आता फक्त जेवायचा वार कोणता ते सांग, म्हणजे लक्षात ठेवायला सोपं." वैशाली म्हणायची, "अहो, आई वाळल्यात किती." मी म्हणायचो, "उपासाने वाळणारच. तूही कर एखादा." हे वाक्य मी बोललो आहे. ते परत घेता आलं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं. मी, जो एक पैसा सोडत नाही म्हणून निफाडपासून देवळ्यापर्यंत शिव्या खातो.

जेवताना तनू तुझ्याशेजारी बसायची. तुझा पदर तिच्या हातावर असायचा आणि पदराखाली काहीतरी हलायचं. मी बघत होतो. मी आंधळा नव्हतो. एकदा विचारलंही :

"काय सौदा चाललाय गं आजी-नातीचा?"

"बैल इकतीय," तू म्हणालीस.

"कोणता?"

"घरात एकच तर हाय. पन गिऱ्हाईकच मिळंना. मारका हाय म्हनत्यात."

वैशाली एवढी हसली की तिला ठसका लागला. तनूही हसली. तेव्हा तुझ्या हातात तिची तीन बोटं होती की चार, हे मला माहीत नव्हतं. ती रोज विचारायची, "आज किती?" आणि तू रोज सांगायचीस. चैत्रात तू पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्यास. सगळी गल्ली मदतीला होती, तू खाटेवर बसून हुकूम सोडत होतीस. त्या दिवशी पंजा होता, तनू म्हणते. सकाळपासून पंजा. कुरडयांचा तो डबा अजून कपाटावर आहे. वैशालीने परवा चार तळल्या. मी ताटावरून उठलो.

आणि तो दवाखान्यातला दिवस.

मंगळवारी सकाळी तू शेवग्याखाली पाला वेचायला बसलीस ती उठलीच नाहीस. मी तुला उचललं. तुझं वजन हाताला लागलं तेव्हाच मला समजायला हवं होतं. धान्याचं पोतं उचललं की मी आत किती भरलंय ते सांगतो. दवाखान्यात डॉक्टरने तुला तपासलं आणि मला विचारलं, "हे आजचं नाही. आधीचे रिपोर्ट कुठंयत?"

"कसले रिपोर्ट?" मी म्हणालो. "माझ्या आईला साधा ताप येत नाही."

"इतके महिने तुमच्या लक्षात आलं नाही?"

मग माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. तू चोर आहेस म्हणालो त्याला, घाबरवून लुटायचे धंदे आहेत म्हणालो, आत्ताच्या आत्ता आईला दुसरीकडे नेतो म्हणालो. वैशाली माझा शर्ट ओढत होती. तनू तुझ्या पलीकडच्या बाजूला उभी होती, तिचा हात चादरीत होता, आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती.

तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दत्तू, बस." मी बसलो. तू माझा हात चादरीखाली ओढलास आणि माझं एक बोट धरलंस. एकच. धरून ठेवलंस.

मला कळेना. "एक काय, आई? पाणी? एक दिवस?" मी आपला डॉक्टरला सांगायला धावलो की आई शुद्धीत आहे, तिला काहीतरी एक हवंय. वैशालीने चमचाभर पाणी आणलं, ते ओघळून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. त्या एका बोटाचा अर्थ लावत मी नऊ दिवस काढले.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. कावळे हवे तेवढे होते. भिंतीवर ओळीने बसलेले. एकही खाली येईना. अर्धा तास झाला. मामा, तुझा धाकटा भाऊ, माझ्या कानाशी लागला. "काय हाय रे तिच्या मनात? बोल ना. तिचा जीव अडकलाय कशात तरी."

मी हात जोडले. "आई, शेवगा तोडणार नाही." कावळा हलला नाही. "तनूचं शिक्षण पुरं करीन." नाही. "दरसाल तुझ्या नावाने गावात जेवण घालीन." नाही. मी एकेक वाढवत गेलो, जसा सौदा चढवतात तसा. शेवटी म्हणालो, "वैशालीवर ओरडणार नाही." मागून मामा म्हणाला, "हे तर कावळ्यालाबी खरं वाटायचं नाय." लोक हसले. कावळ्याने तोंड फिरवलं. मी आयुष्यात एवढा पडेल सौदा केला नव्हता.

मग तनू पुढे आली. पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, मी पप्पांना सांगते. सगळं सांगते. सोडव मला."

कावळा उतरला. "शिवला, शिवला," लोक म्हणाले. मामाने डोळे पुसले. मी तिथे उभा राहून एकच विचारत होतो, "काय सांगते? काय सांगायचंय हिला?"

तिने गाडीत सांगितलं. घरापर्यंत धीर धरणारा मी नव्हे. गाडी सावलीला लावून काचा बंद करून तिला बोलायला लावलं. महादेव, डॉक्टर, उपास, पदर, सगळं. वैशाली तोंडावर पदर धरून बसली होती. मी विचारलं, "आणि ते एक बोट? मला दवाखान्यात एक बोट का दिलं?"

तनू म्हणाली, "एक म्हणजे दुखत नाही, पप्पा."

"दुखत नव्हतं?"

"त्याच वेळी दुसरा हात माझ्याकडे होता," ती म्हणाली. "मला पंजा देत होती. सोडतच नव्हती."

आई, दलालाची सगळ्यात जुनी लबाडी ती. उजव्या हाताने विकणाऱ्याला एक भाव, डाव्या हाताने घेणाऱ्याला दुसरा. दोघांनाही वाटतं, आपल्याला खरा मिळाला. नानांनी आयुष्यभर तेच केलं आणि त्यावर आपण जगलो. तू त्यांचीच बायको. मरणाच्या खाटेवर पडून तू दोन हातांत दोन भाव दिलेस. खोटा मला दिलास. आणि मी तो घेतला, त्याचा अर्थ न कळता घेतला.

मी तनूवर ओरडलो. तिथेच गाडीत. "तू माझी पोर आहेस का वैरीण? एक शब्द सांगता आला नाही? मुंबईला नेलं असतं, जगाच्या टोकाला नेलं असतं!" पोरगी माझ्यावरच गेलीय. तीही ओरडली. "तेच नको होतं आजीला! आणि तुम्हीच शिकवलं होतं ना, तिसऱ्याला सांगायचं नाही? आठ महिने मी एकटीने धरला तो हात. तुम्ही एकदा, एकदा तरी विचारलं का, आई, दुखतंय का?"

मामा पुढच्या सीटवर बसून काचेतून बाहेर बघत होता.

मी म्हणालो, "पण मला का नाही? बाकी सोड. मलाच का नाही?"

तेव्हा तिने तुझं वाक्य सांगितलं. सांगायची इच्छा नव्हती तिची, मी ते खेचून काढलं. तू तिला म्हणाली होतीस, "तुझ्या बापाला सांगितलं तर तो देवासंगंबी घासाघीस करंल. अन् मंग मलाबी रस्त्यातच मरावं लागंल."

'मलाबी.'

अकरा वर्षं आपण दोघं त्या विषयावर बोललो नव्हतो. नानांच्या छातीत कळ आली तेव्हा मी त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे दाखल करा म्हणाले, आणि मला वाटलं, हे आपल्याला कापतायत. मी काउंटरवर भांडलो. दुसऱ्या ठिकाणी परवडतं म्हणालो. नानांना परत गाडीत घातलं. तू मागे बसली होतीस, नानांचं डोकं तुझ्या मांडीवर. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी अडकली, मी हॉर्नवर हात ठेवून शिव्या देत होतो, आणि मागून तुझा आवाज आला, "दत्तू, गाडी हळू घे आता. घाई नाय राहिली."

बस. एवढंच. घरी आल्यावर तू मला बोलली नाहीस. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. मी वाट बघत होतो की तू एकदा तरी म्हणशील, तू बापाला घासाघीस करत मारलंस. मी उत्तर तयार ठेवलं होतं. रोज वेगवेगळं उत्तर तयार करत होतो. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, विसरलीस. मला वाटलं, माफ केलंस. आता कळतं की तू ते पदराखाली ठेवलं होतंस.

आणि तरीही, आई, मला जे काही येतं ते तूच दिलंस. आवार नवीन असताना पहिली दोन वर्षं तू तिथे चहा करायचीस. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणायचीस, "तोंडाकडं काय बघतोस येड्यासारखा? चपलांकडं बघ. ज्याला घ्यायचं नाय तो चपला दाराकडं तोंड करून काढतो." त्या एका वाक्यावर मी धंदा वाढवला. हजारो माणसांच्या चपला बघितल्या. तुझ्या मात्र कधी बघितल्या नाहीत. त्या रोज माझ्याच दारात होत्या.

म्हणून मला आता जबाब पाहिजे. सहानुभूती नको, ती मामा भरपूर देऊन गेलाय. ते वाक्य तू कसं म्हणालीस? हसत म्हणालीस, जसं तू मला मारका बैल म्हणायचीस तसं? की खरोखर भीतीने म्हणालीस, तुझ्या पोटच्या पोराच्या भीतीने? ते एक बोट मला त्रास होऊ नये म्हणून धरलं होतंस, की मी तुला उचलून पुन्हा गाडीत घालू नये म्हणून? मी तनूला तिथे गाडीतच तीनदा विचारलं. ती म्हणाली, "मला आठवत नाही, पप्पा." खोटं बोलते की खरं, मला ओळखता येत नाही. ट्रॅक्टरचं ओळखता येतं.

आणि दुसरा जबाब पाहिजे तो पोरीचा. मला फसवलंस ते एक वेळ मी गिळीन. नाही गिळणार, पण समज. या पोरीचं काय? ती रात्रंदिवस उजव्या हाताची बोटं चोळत असते. तिला स्वतःला ते माहीत नाही. कॉलेजला जात नाही. आठ महिने रोज मरणाचा भाव ऐकायचा आणि ताटावर हसायचं, हे ओझं एकोणीस वर्षांच्या पोरीवर टाकायला तुझं मन कसं धजलं? घरात माझे हात होते ना? एवढे मोठे हात. ते तुला धरण्यालायक वाटले नाहीत, एवढंच ना? मग तसं तोंडावर सांगायचं होतंस.

गाडीतल्या त्या दिवसापासून मी तनूशी बोललेलो नाही. काल सकाळी ती माझ्याशेजारी येऊन जेवायला बसली, तुझ्या जागेवर. ओढणी माझ्या गुडघ्यावर टाकली आणि खाली हात पुढे केला. उघडा. तळवा वर. वैशाली वाढता वाढता थांबली. मला कळलं ती काय विचारतेय. मी हात धुतला आणि उठलो.

आजही ती तशीच बसेल. पोरगी हट्टी आहे, तुझ्यावर गेलीय. तो हात मी धरला तर तिला काय देऊ? एक दिलं तर मी तुझाच पोर, तुझ्यासारखाच खोटा. पंजा दिला तर तिच्या दुसऱ्या हातातही मीच ओझं टाकणार. तू आम्हाला ही भाषा दिलीस आणि मधेच उठून गेलीस. वैशाली ताटं मांडतेय. बोल, आई. या खेपेला तिसऱ्याला सांगायचं नाही असलं काही चालणार नाही. मोठ्याने बोल. किती सांगू तिला?